कोल्ड प्रेस्ड म्हणजे सगळे शाबूत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘कोल्ड प्रेस्ड रेपसीड तेलात सगळी अँटिऑक्सिडंट शाबूत, रिफाइंडमध्ये सगळी नष्ट’ असे सर्रास छापले जाते. (रेपसीड म्हणजे मोहरीच्या कुळातले तेलबी; कोल्ड प्रेस्ड म्हणजे दाबताना उष्णता न देता काढलेले तेल.) दोन्ही विधाने अर्धवट आहेत.

या बियांत सिनापिक आम्ल (फिनॉल गटातले एक अँटिऑक्सिडंट) आणि त्याची संयुगे भरपूर असतात. पण ती तेलात नीट विरघळत नाहीत. बी न भाजता दाबले, की त्यांतली बहुतेक पेंडीतच राहतात. तेलात उतरतात ती मुख्यतः टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाची रूपे. त्यांत अल्फा रूपापेक्षा गॅमा रूप जास्त.

चित्र पालटते ते भाजल्यावर. बी १६० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले, की सिनापिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅनोलॉल तयार होते. ते तेलात सहज विरघळते आणि तेल खवट होण्याला चांगलाच अटकाव करते. भाजणे लांबले तर मात्र तेच कॅनोलॉल घटू लागते, तेलाला जळकट वास येतो. म्हणजे इथे उष्णता शत्रू नाही. हात सुटला तर होते.

रिफायनिंगमध्ये फिनॉल गटातली द्रव्ये टिकत नाहीत. काही अल्कलीसोबत साबणात जातात, काही विरंजनाच्या (रंग काढण्याच्या) मातीला चिकटतात. कॅनोलॉल उरलेच तर निर्गंधीकरणात (वास काढण्याच्या टप्प्यात), २२० ते २५० अंशांवर निर्वातात सोडलेल्या वाफेबरोबर उडते. टोकोफेरॉलचाही काही अंश याच वाफेत जातो (तो गोळा करून त्यापासून नैसर्गिक ई जीवनसत्त्व काढतात), पण बराचसा तेलातच राहतो. शिवाय तीच माती हरितद्रव्यही काढून घेते, ही जमेची बाजू फारसे कोणी सांगत नाही.

न गाळलेल्या हिरवट तेलात हे हरितद्रव्य उजेड शोषून ऑक्सिजनला जास्त आक्रमक करते. रेपसीड तेलात लिनोलेनिक आम्ल (लवकर खवट होणारे मेदाम्ल) ९-१० टक्के, आणि पहिला घाव त्याच्यावरच. म्हणून कच्च्या, हिरव्या दाण्यांचे कोल्ड प्रेस्ड तेल पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवले, तर रिफाइंडच्या आधी खवट होऊ शकते. तळाशी गाळ आणि ओलावा राहिला, तर आणखी लवकर.

तेव्हा लेबलवर नुसते ‘कोल्ड प्रेस्ड’ नको. बी भाजले होते का, किती अंशांवर, आणि तेल काढल्याची तारीख, एवढे छापावे. बाटली गडद रंगाची असावी.

आपले,
तेलतंत्रज्ञान क्षेत्रातील काही वाचक