कळा सोसणाऱ्या बाईजवळ प्रशिक्षित मिडवाइफ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा काळ प्रसूती कक्षात गेला. आपल्या दैनिकात डॉक्टरांच्या रिक्त जागा, बंद पडलेली सोनोग्राफी मशीन, वेळेवर न आलेली रुग्णवाहिका अशा बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण बाळंतपणाच्या टेबलाजवळ कोण उभं असतं आणि कोण नसतं, याबद्दल फारसं छापून येत नाही. म्हणून हे पत्र, प्रसूती कक्षात मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करण्याचं खास शिक्षण घेतलेली नर्स, हवी हे सांगायला.

माझ्या भाचीचं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात झालं. नऊ महिने सगळं सुरळीत होतं. बीपी ठीक, रक्त ठीक, बाळाचं डोकं खाली. रात्री बारीक कळा सुरू झाल्या आणि घरच्यांनी घाईघाईने नेऊन भरती केलं. गर्भपिशवीचं तोंड तेव्हा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उघडलेलं. लगेच सलाइन लागलं, त्यात कळा वाढवायचं औषध गेलं आणि तिला उताणं झोपवून ठेवलं. उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आई दाराबाहेर. आत एकच सिस्टर, तीही सगळ्या वॉर्डाला. पहाटे निरोप आला, "कळा पुढं सरकेनात, बाळ दमायलंय, सिझर करावं लागतंय." अशा वेळी नाही म्हणायची कुणाची छाती होते? सही झाली. माय-लेकरू सुखरूप आहेत. बाळ खरंच दमलं होतं तर डॉक्टरांनी केलं ते योग्यच केलं. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या सात-आठ तासांबद्दल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या कळांचा टप्पा सुरू झाला असं धरावं, आणि त्याआधी माय-लेकरू ठीक असतील तर कळा वाढवायची घाई करू नये, असं त्यात सांगितलं आहे. तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशेब सगळ्यांना लावू नये. बाईला हिंडू-फिरू द्यावं, खाऊ-पिऊ द्यावं, तिला सोसेल तशा स्थितीत बाळंत होऊ द्यावं. सरसकट खालच्या बाजूला छेद घेऊन टाके घालू नयेत. पोट दाबून बाळ खाली ढकलू नये. हे शेवटचं आजही कित्येक ठिकाणी चालतं. पोटावर हात रोवून जोर देणारा माणूस मदतच करतोय असं घरच्यांना वाटतं, त्यातला धोका त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

हे सगळं करायचं तर बाईजवळ कुणीतरी थांबलं पाहिजे. कळांच्या टप्प्यात बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकावे लागतात, बाई जोर लावू लागली की दर पाच मिनिटांनी. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या, एकेक किती सेकंद टिकली, मध्ये पोट पूर्ण सैल पडतं का, हे मोजावं लागतं. कंबर चोळावी लागते. घोटभर पाणी द्यावं लागतं. कधी भिंतीला धरून उभं करावं लागतं, कधी उकिडवं बसवावं लागतं. घाबरलेली पहिलटकरीण आखडून जाते. तिला "भिऊ नको माय, लेकरू येऊ लागलंय, श्वास सोड," असं कुणी कानाशी सांगत राहिलं की तीच बाई मोकळी होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या सिस्टरला एकाच वेळी इंजेक्शनं, रजिस्टर, नवजात बाळं आणि ऑनलाइन नोंदी सांभाळायच्या आहेत, तिच्याकडून हे होणार नाही, आणि तो तिचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. पुष्कळ बाया सरकारी रुग्णालय टाळतात ते तिथल्या बोलण्यामुळे. कळांनी ओरडणाऱ्या बाईला खेकसून गप्प करणं, नको ते टोमणे मारणं, प्रसंगी मांडीवर चापट देणं, हे प्रकार मी पाहिले आहेत. त्या अपमानाच्या भीतीने माणसं उसनवारी करून, कानातलं मोडून खासगीत जातात. बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मुभा दिली आहे. पण दोन टेबलांच्या मध्ये साधा पडदा नसेल तर कुणाच्या आईला आत घेणार? हे काम पडद्यापासून सुरू होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, तेव्हा आपल्या राज्यात ते ३३ होतं. यामागे आशाताई, आरोग्यसेविका आणि डॉक्टरांचे कष्ट आहेत. त्याच पाहणीत राज्यातल्या सिझरचं प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. देशभरात ते सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के आहे. अडलेल्या बाया खासगीत जास्त जातात, हे उत्तर मला पटत नाही. आमच्या भागातल्या सगळ्यात अवघड केसेस शेवटी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नाहीतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातच येतात. सिझरने जीव वाचतो, आणि गरज असताना ते न मिळणं हा गुन्हा आहे. पण गरज नसताना पोटावर घेतलेला छेद बाईला पुढच्या खेपेलाही भोवतो. वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यांवर चिकटणं, रक्तस्राव होणं, पिशवी फाटणं, या सगळ्यांचा धोका वाढतो.

त्यावरचा उपाय सरकारने स्वतःच कागदावर आणला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. प्रसूती कक्षाचा अनुभव असलेल्या नर्सला १८ महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं आणि जास्त बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयांत मिडवाइफच्या देखरेखीखालचे वेगळे कक्ष उघडायचे. धोका नसलेल्या बाईचं बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं, आणि काही बिघडतंय असं दिसताच डॉक्टरांना हाक मारायची. २०२३ साली संसदेने परिचर्या व मिडवाइफरी आयोगाचा कायदाही केला.

शेजारच्या तेलंगणाने तर २०१७ सालीच सरकारी नर्सना हे शिक्षण द्यायला सुरुवात केली. २०१९-२१ च्या पाहणीत तिथलं सिझरचं प्रमाण ६०.७ टक्के, देशात सर्वांत जास्त. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखं तिथे झालं. नांदेडकडच्या देगलूर, धर्माबाद, बिलोलीहून आपली माणसं कामाला आणि दवाखान्याला पलीकडे जातातच. आपल्या अधिकाऱ्यांनीही एकदा जाऊन हे काम बघावं.

मी जुन्या सुईणींकडे परत जा असं म्हणत नाही. रात्र रात्र बसून राहण्याचा त्यांचा धीर मोठा होता. पण वार अडकून, अंगावरून रक्त जाऊन पांढरीफटक पडलेली बाई जीपमध्ये घालून आणलेली मी उतरवून घेतली आहे. तो धीर आणि रक्तस्राव थांबवण्याचं, बीपी ओळखण्याचं, वेळेवर पुढे पाठवण्याचं शिक्षण, दोन्ही एकाच बाईत हवं.

आणि मराठवाड्यात याची सर्वांत जास्त गरज ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना आहे. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टीकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, त्यामुळे पाचवा महिना असो की सातवा, जावंच लागतं. नोंदणी गावच्या उपकेंद्रात, सोनोग्राफी तालुक्याला, आणि बाई कोल्हापूर-सांगलीकडे कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. तपासणीला जायचं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या बाईचं रक्त किती, बीपी किती, पायाला सूज आहे का, हे विचारायला कुणी नसतं. कळा सुरू झाल्या की मिळेल त्या वाहनातून अनोळखी दवाखान्यात. हातात माता-बाल संरक्षण कार्ड असलं तर नशीब. सिझर झालं तर थोड्याच आठवड्यांत पुन्हा फडात. २०१९ साली याच बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. त्यांच्या बाळंतपणाचा विषय मात्र मागेच राहिला.

चौथ्या महिन्यापासून ओळखणारी, जिचा फोन नंबर बाईकडे आहे अशी एकच मिडवाइफ असेल तर पुष्कळ फरक पडेल. टोळी निघण्याआधी ती तपासून घेईल. कोणत्या बाईने जाऊच नये हे घरच्यांना आणि मुकादमालाही ठणकावून सांगेल. जाणाऱ्या बाईची माहिती कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला फोनवर देईल. गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत मिडवाइफकडेच काळजी राहिली, तर अवजारं लावून करावी लागणारी बाळंतपणं आणि दिवस भरण्याआधी होणारे जन्म कमी होतात, असं १५ चाचण्यांच्या आणि १७ हजारांवर बायांच्या एकत्रित अभ्यासातून २०१६ साली पुढे आलं. त्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या. आपल्याकडे जिथे बाईच हलत असते, तिथे ओळखीच्या माणसाची किंमत जास्तच आहे.

माझी मागणी मोठी नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या स्त्री रुग्णालयांत आणि उपजिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षित मिडवाइफ नेमाव्यात. दीड वर्ष शिकून आलेल्या नर्सला अपघात विभागात किंवा लसीकरणाला जुंपू नये. प्रसूती कक्षाबाहेर तिची बदलीच करू नये. तिला बाळंतपण करण्याचा अधिकार लेखी द्यावा, म्हणजे काही झालं तर तिलाच बळीचा बकरा केलं जाणार नाही.

आपल्यालाही एक विनंती. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांना विचारावं की हे १८ महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या किती नर्स आज जिल्ह्यात आहेत आणि त्यांतल्या किती प्रत्यक्ष प्रसूती कक्षात ड्यूटी करतात. ते आकडे यंदा टोळ्या निघण्याआधी जिल्हावार छापावेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जि. बीड