कॅज्युअल्टीत उभं करण्याआधी चार आठवडे द्या

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर आहे. माहेर निपाणीचं, शाळा मराठी, कन्नड शिकले ती वॉर्डात. नऊ वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ड्युटीच्या यादीत माझ्या नावापुढे कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या पेशंटांचा विभाग, आलं आणि सोमवारी नाईटला मी तिथे उभी होते. मधल्या एका दिवसात कुणी काही दाखवलं नाही. क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ढकलगाडी, कुठे असते, हेसुद्धा मला विचारून घ्यावं लागलं.

वॉर्डात पेशंट येतो तेव्हा त्याच्याबरोबर केसपेपर असतो, निदान असतं, डॉक्टरांच्या ऑर्डरी असतात. कॅज्युअल्टीत दार ढकलून नुसता माणूस आत येतो आणि त्याला सगळ्यात आधी बघते ती सिस्टर. लाल, पिवळा की हिरवा, म्हणजे आत्ता, थोड्या वेळाने की रांगेत, हे तिलाच ठरवावं लागतं. नऊ वर्षांत तो निर्णय माझ्यावर कधी आलाच नव्हता.

तिसऱ्या नाईटला पहाटे चारच्या सुमारास खानापूरकडची एक बाई आली. पोटात दुखत होतं, एक उलटी झाली होती. नवरा म्हणाला, "पित्त झालंय बघा हिला." नाडी, बीपी ठीक होतं. डॉक्टर हायवेवरच्या अपघातातल्या एकाला टाके घालत होते. मी बाईला बाकावर बसवलं. तेवढ्यात पलीकडून आमची सीनियर सिस्टर म्हणाली, "तिच्या पापण्या बघ."

पापण्या जड होऊन खाली येत होत्या.

"रात्री कुठं झोपलासा?" सिस्टरने विचारलं. "खाली, जमिनीवर." मग श्वासाची ताकद किती उरलीय ते बघायला सिस्टरने तिला एका दमात आकडे म्हणायला लावले. बाई एकोणीसपर्यंत गेली. अर्ध्या तासाने आठवर अडखळली. तिला झोपेत मण्यार, विषारी साप, चावली होती. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, आणि कितीदा सुरुवात पहाटेच्या पोटदुखीनेच होते. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

डॉक्टरांनी विषावरच्या लसीच्या १० वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, सांगितल्या. घाईघाईत पावडर विरघळवताना मी वायल जोरजोरात हलवली आणि आत फेसच फेस झाला. सिस्टरने ती हातातून घेतली, दोन तळव्यांत हलकेच फिरवून दाखवली. पुढे बाईचा श्वास मंदावला तेव्हा अँबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, सिस्टरनेच धरली, कारण माझ्या हाताला त्या बॅगेची सवयच राहिली नव्हती. बाई व्हेंटिलेटरवर गेली आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेली. सिस्टरची त्या रात्री सुट्टी असती तर डॉक्टर मोकळे होईपर्यंत मी तिला बाकावरच बसवून ठेवलं असतं. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

२०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, फार चांगलं झालं. पण आमच्याकडे ऊस आहे, जंगल आहे, हायवे आहे. नोंद करणाऱ्या हाताला आधी पेशंट ओळखता यायला हवा.

आणखी एक गोष्ट. ती बाई फक्त मराठी बोलत होती. आकडे मोजा, हात दाबा, मान उचला, हे तिला कळलं म्हणून तपासता आलं. पण नवऱ्यासमोर संमतीचा कागद आला तो कन्नडमध्ये. मी तो वाचून त्याला मराठीत सांगितला, त्याने सही केली, आणि या कामात माझी पाच मिनिटं गेली. कॅज्युअल्टीत पाच मिनिटं फार असतात. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, त्याच भाषेवर माझं घर चालतं. त्याच कागदाच्या मागे मराठी छापलं तर नातेवाइकाला आपण कशावर सही करतोय ते कळेल. अर्धवट समजलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस सिस्टरच्याच अंगावर धावतो. अशा हल्ल्यांविरुद्ध २००९ चा कायदा आहे, पण पहाटे चारला तो दाराशी उभा नसतो.

माझी खरी मागणी एकच. वॉर्डातून कॅज्युअल्टीत पाठवलेल्या प्रत्येक सिस्टरला पहिले चार आठवडे एका अनुभवी सिस्टरच्या जोडीला ठेवा आणि तेवढे दिवस तिला ड्युटीच्या मोजणीत धरू नका. मोजणीत धरलं की शिकवणारी एका पेशंटकडे, शिकणारी दुसऱ्याकडे, आणि शिकवणं राहूनच जातं. आमच्याकडे माणसं कमी आहेत हे मला दिसतं. चार आठवडे एक जागा भरून काढणं रुग्णालयाला जड जाईल, त्यासाठीच आपल्या पातळीवरून लेखी आदेश हवा. तोंडी सांगितलेलं पहिल्या रजेच्या अर्जाबरोबर मोडतं.

येत्या सोमवारी आमच्या वॉर्डातली आणखी एक मुलगी कॅज्युअल्टीत रुजू होतेय. काल तिने मला विचारलं, "अक्का, पहिल्यांदा काय बघायचं?" रविवारी माझी सुट्टी आहे. मी तिला दुपारी बोलावलंय, क्रॅश कार्टचा एकेक कप्पा उघडून दाखवायला.

आपली,
बेळगाव जिल्ह्यातील एक परिचारिका