तुझी सायकल विकायची नाही

चि. मन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गॅलरीतली सायकल विकून टाक म्हणतोस. नाही विकायची. गेल्या आठवड्यात मी ती श्रीवर्धनहून केळशीला नेली. बरोबर शेजारच्या काकू आणि त्यांचा भाचा. सीट चांगली दोन इंच खाली केलीय.

निघायच्या दिवशीच संकष्टी आली. कॅलेंडर न बघता ठरवलं की असं होतं. उपास मोडवेना, मग राजगिऱ्याच्या वड्या आणि केळी बांधून घेतली. हरिहरेश्वरपर्यंत गारवा होता. बागमांडल्याला फेरीबोटीत मोटारींच्या मधे सायकली धरून उभे राहिलो आणि सावित्री ओलांडून वेश्वीला उतरलो. उतरून बघते तर मागचं चाक बसलेलं. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपायचा, हे तू एकदा अंगणात दाखवलं होतंस. काटा बोटालाच लागला. भाचा बघतच राहिला.

दुपारी समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जायचं, असं तू बारावीच्या सुट्टीत नकाशावर बाण काढून मला पटवत होतास. वारा खरंच पाठीशी होता. चढावर त्याचा काडीचा उपयोग नसतो, हे मात्र तू लपवलंस. वेळासच्या पुढे मी बराच वेळ सायकल ढकलत, धापा टाकत चालले होते. वेळासलाच राहायचा मोह झाला होता, पण या दिवसांत तिथे कासवं रात्री अंडी घालायला येतात. उजेड, माणसं दिसली की मादी पाण्यात परत फिरते. आपण कशाला मधे?

केळशीला एका वाडीच्या मालकांना विचारून सुरूंच्या आडोशाला तंबू लावला. वाळूत खुंट्या काही धरेनात. शेवटी पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि त्या पुरल्या. मालक आजोबा बघत उभे होते. म्हणाले, "आज तिथी कुठली? चतुर्थी. चाराचे पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती." एवढाच त्यांचा हिशेब. वाळलेल्या शेवाळाची रेघ दाखवून म्हणाले, "हिच्या वर झोपा."

चंद्र समुद्रावर उगवेल म्हणून मी वेड्यासारखी पश्चिमेकडे बघत बसले होते. तो आला मागच्या डोंगरावरून, साडेनवाच्या सुमारास. वाडीतल्या आजींनी उकडीचे मोदक पाठवले होते. पाच खाल्ले. तुझ्या वाटणीचाही खाल्ला.

काकू घोरत होत्या. मी जागीच. तीनला टॉर्च घेऊन बाहेर आले. लाट आली, रेघेच्या चार हात खालीच फेस सोडला आणि सरसरत मागे गेली. पुढचीही तिथेच. मी अर्धा तास तिथे बसून होते.

बारावीच्या त्या सुट्टीत "पाण्याशेजारी झोपायचं नाही" म्हणून तुला नाही पाठवलं. तू दोन दिवस जेवला नाहीस. पाण्याला वेळ असते, ती कुणाला तरी विचारता येते, हे मला कुठे माहीत होतं रे?

डिसेंबरात येशील तेव्हा केळशीच्या पुढे, आंजर्ल्याहून हर्णैला जाऊ. तुझ्यासाठी सायकल बघून ठेवते. ही आता माझी.

तुझी,
आई

ता. क. चेनमध्ये अजून वाळू करकरतेय. डिझेलने धुतली तर चालेल ना?