जोड्या लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत राहणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांची ऑनलाइन मैत्री जुळवून देण्याचं काम तुम्ही वर्षानुवर्षं एक पैसा न घेता केलंत. तुम्ही लावलेल्या जोड्यांतले आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. ते सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलंय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल. तुमचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही ही तुमची अट मात्र पाळली आहे.

सगळ्यात आधी आभार तुमच्या पाच प्रश्नांचे. एरवी अशा जोड्या वय आणि छंद पाहून लावल्या जातात. तुम्ही विचारायचात: दर आठवड्याला लिहाल की महिन्यातून एकदा? एका वेळी साधारण किती ओळी? टाइप करणं सोयीचं की बोलून पाठवणं? उत्तर किती दिवस आलं नाही तर चुटपुट लागते? आणि कोणत्या विषयावर अजिबात बोलायचं नाही? छंदाचा रकाना अगदी शेवटी असे, तोही भरला तर भरला. यामागचं कारण आम्हाला आता पुरतं पटलंय. तीन दिवसांनी एकदा लिहिणारा आणि महिन्याने निवांत लिहिणारा अशी जोडी लागली, तर पहिल्याला वाटतं आपण नकोसे झालो आणि दुसऱ्याला वाटतं मागे तगादा लागला. दोघंही चांगली माणसं असतात, तरी दुसऱ्या महिन्यात पत्रं थांबतात. छंद वेगळे असले तर उलट विचारायला विषय मिळतात. वेग वेगळा असला तर मात्र इलाज नसतो.

पहिलं पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा, हा तुमचा दुसरा नियम. नवख्या माणसाला तो फार कंजूष वाटतो. पण लांबलचक पत्र आलं की वाचणाऱ्याला तेवढंच लांब उत्तर देणं भाग वाटतं, मग तो सवडीची वाट पाहतो, आणि ती सवड येत नाही. त्या दीडशे शब्दांत तुम्ही तीनच गोष्टी मागायचात: या क्षणी खिडकीतून काय दिसतंय, रोज ठरल्या वेळी होणारी एक गोष्ट (घड्याळातल्या वेळेसह), आणि दोन ओळींत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. नोकरी, शिक्षण, कुटुंबाची यादी पहिल्या पत्रात नको. ती माहिती हळूहळू येतेच, आणि एकदम दिली तर पुढच्या पत्राला काही उरत नाही.

प्रश्नांच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात आणि ते योग्यच होतं. ‘तुमच्या देशाबद्दल सांगा’ या प्रश्नाला माणूस पाठ्यपुस्तकातलं उत्तर देतो, नाहीतर उत्तरच देत नाही. ‘सकाळी दार उघडल्यावर पहिला आवाज कसला येतो?’ याला उत्तर देण्यासाठी त्याला फक्त दार उघडावं लागतं. कचरा कोण, कधी आणि कशातून नेतं? पाऊस आला की रस्त्यावरचे लोक काय करतात? तुमच्या थांब्यावर बस वेळेवर येते का, आणि नाही आली तर किती वेळ वाट पाहून लोक चालायला लागतात? असा प्रश्न विचारताना सोबत स्वतःचं उत्तर आधी लिहायचं, हेही तुमचंच. त्यामुळे समोरच्याला कळतं की उत्तर किती मोठं आणि किती खाजगी असायला हवं, आणि चौकशी चालल्यासारखं वाटत नाही. एका पत्रात प्रश्न फार तर दोन. पाच विचारले की दोनांचीच उत्तरं येतात आणि उरलेल्या तीन प्रश्नांचं ओझं दोघांच्याही मनावर राहतं.

खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या पत्राला होते. ओळख करून देऊन झालेली असते आणि सवय अजून लागलेली नसते. पुष्कळ जोड्या इथेच गळतात. त्या टप्प्यासाठी तुम्ही जी समाईक कामं काढून दिलीत, त्यांचे आभार मानावे तितके थोडे.

त्यातलं सगळ्यात सुंदर काम काठीच्या सावलीचं. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र जवळपास समान असताना, दोघांनी आपापल्या ठिकाणी एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर अगदी उभी रोवायची आणि मध्यान्हीची सावली मोजायची. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा धरायचे नाहीत. त्या दिवशीच्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मधली वेळ घ्यायची. विषुववृत्तावर सावली जवळपास नाहीशी होते. २० अंश अक्षांशावर ती सुमारे ३६ सेंटिमीटर भरते, ४५ अंशांवर काठीइतकीच म्हणजे एक मीटर, आणि ६० अंशांवर सुमारे १ मीटर ७३ सेंटिमीटर. उत्तर गोलार्धात सावली उत्तरेकडे पडते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. आकडे चुकतात ते बहुधा काठी तिरकी असल्यामुळे. दोऱ्याला वजन बांधून ओळंबा करायचा आणि काठी त्याच्याशी ताडून बघायची. ओबडधोबड जमीन हे दुसरं कारण. दोघांचे आकडे शेजारी मांडले की पृथ्वीची गोलाई दोन अंगणांत मोजलेली दिसते, आणि पुढची दोन-तीन पत्रं आपोआप लिहून होतात.

चंद्राचं कामही तसंच. शुक्ल अष्टमीच्या आसपास एकाच दिवशी दोघांनी चंद्राचा फोटो काढायचा. उत्तर गोलार्धातल्या माणसाला उजवी बाजू उजळ दिसते, दक्षिणेतल्याला डावी, आणि विषुववृत्ताजवळच्याला चंद्र आडवा पडलेला. मोबाइलवर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो, कारण कॅमेरा भोवतालच्या अंधाराप्रमाणे उजेड वाढवतो. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढायची आणि फोन कशाला तरी टेकवून धरायचा. ज्यांना आकाशात रस नाही त्यांच्यासाठी तुमचं ‘एक जागा, बारा महिने’ होतंच: दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच झाडाचा किंवा त्याच रस्त्याचा फोटो. पाय कुठे ठेवायचे याची खूण जमिनीवर केली नाही तर चौथ्या महिन्यापर्यंत चौकट सरकलेली असते, म्हणून खूण पहिल्याच दिवशी करायची.

फोटोखाली काय लिहायचं हे तुम्ही शिकवलंत तेव्हा कुठे आम्ही नीट लिहू लागलो. ‘आमचा रस्ता’ एवढ्याने दूरच्या माणसाला काहीच समजत नाही. वेळ, तापमान, कॅमेरा कोणत्या दिशेला आहे आणि चौकटीबाहेर काय आहे, एवढं लिहिलं की फोटोला जागा मिळते. ‘सकाळचे ६:४०, १९ अंश सेल्सिअस, पूर्वेकडे तोंड, डावीकडे न दिसणारी शाळा आहे आणि हा सगळा आवाज तिचा.’ फॅरनहाइट वापरणाऱ्यासाठी आकडा शेजारी लिहायचा: सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवायचे. फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल पुरे. समोरच्याकडे इंटरनेट मंद किंवा महाग असू शकतं. फाइल जेपीजी असावी. आयफोन स्वतःहून वापरतो तो एचईआयसी प्रकार जुन्या संगणकांवर उघडतोच असं नाही.

आवाजाच्या चिठ्ठ्यांबद्दलही एक ओळ लिहायला हवी. रोजच्या जगण्याचा आवाज पाठवायचा तर तीस ते साठ सेकंद, फोन एका जागी ठेवून, वाऱ्याकडे पाठ करून. आधी काही न बोलता आवाज येऊ द्यायचा आणि शेवटी आपण काय ऐकलं ते सांगायचं. आधी सांगितलं तर ऐकणारा फक्त तेवढंच शोधतो.

वेळेच्या गोंधळात किती मैत्र्या बिनसल्या असत्या कोण जाणे. बोलायची वेळ ठरवताना दोन्हीकडची स्थानिक वेळ आणि यूटीसी (जगभर सारखीच धरली जाणारी प्रमाणवेळ) अशा तिन्ही वेळा लिहा, असं तुम्ही बजावत आलात. फरक नेहमी पूर्ण तासांचा नसतो. नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे करण्याची पद्धत, आणखी गोंधळ घालते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासाने बदलतो आणि कुणीतरी रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतं. मागे येतानाही तेच: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. न्यूझीलंडमध्ये तर सगळं उलट, उन्हाळी वेळ सप्टेंबरअखेर सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. प्रशांत महासागरातली हवाई आणि किरिबाती देशाची लाइन बेटं यांची घड्याळं सारखीच वेळ दाखवतात, वार मात्र वेगळा असतो. म्हणून ‘उद्या’ लिहायचं नाही, वार आणि तारीख लिहायची. तारखेतही ०३/०४ म्हणजे कुणाला ३ एप्रिल, कुणाला ४ मार्च. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो.

भाषांतर यंत्राकडून करून घेणाऱ्यांना तुम्ही दिलेली शिस्त साधी आहे आणि चोख आहे. वाक्य लहान, एका वाक्यात एकच गोष्ट, कर्ता गाळायचा नाही. बोलताना आपण ‘काल आली, लगेच गेली’ म्हणतो. कोण ते लिहिलं नाही तर यंत्र मनानेच कुणीतरी बसवतं. म्हणी आणि थट्टा पहिल्या काही पत्रांत टाळायच्या. भाषांतर परत आपल्या भाषेत फिरवून वाचायचं, अर्थ बदललेला दिसला तर मूळ वाक्य सोपं करायचं, आणि पाठवताना मूळ मजकूरही खाली जोडायचा. भाषा शिकण्यासाठी बोलणाऱ्यांना तुमचा नियम निम्म्या-निम्म्या वेळेचा: वीस मिनिटं एक भाषा, वीस मिनिटं दुसरी, गजर लावून. गजर नसला की ज्याची भाषा दोघांना जास्त येते तीच शेवटपर्यंत चालते. आणि एका बैठकीत तीन-चार चुकाच सुधारायच्या. प्रत्येक चुकीला अडवलं की माणूस बोलायचं सोडतो.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याचे आभार वेगळे मानतो, कारण ते भीती न घालता सांगितलंत. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. बहुतेक मेसेजिंग ॲप फोटो म्हणून पाठवताना ते काढून टाकतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद बंद केली की काळजी मिटते. घराचा क्रमांक, गाडीची पाटी, मुलांचा शाळेचा गणवेश, काचेतलं प्रतिबिंब एवढं पाठवण्याआधी पाहायचं. शेजाऱ्यांचं रोजचं आयुष्य हे आपलं नाही, त्यांचे चेहरे त्यांना विचारूनच. बाहेरगावी गेल्याचं परत आल्यावर सांगायचं.

फसवणुकीच्या खुणा तुम्ही क्रमाने सांगायचात: काही दिवसांतच गाढ प्रेमाची भाषा, लगेच दुसऱ्या ॲपवर चला असा आग्रह, व्हिडिओवर यायला दर वेळी नवं कारण, मग एखादं संकट किंवा ‘तुमच्यासाठी पाठवलेलं पार्सल सीमाशुल्कात अडकलंय’ असा निरोप. पैसे, ओटीपी, ओळखपत्राचा फोटो यांपैकी काहीही मागितलं की संवाद तिथेच थांबवायचा, समजावत बसायचं नाही. शंका आली तर समोरच्याचा फोटो उलट शोधून बघायचा, म्हणजे शब्दांऐवजी तो फोटोच इंटरनेटच्या शोधयंत्रात टाकायचा. तो दुसऱ्याच नावाखाली सापडतो का ते कळतं. आणि खऱ्या मित्राला ‘अजून पत्ता देत नाही’ म्हटलं तर राग येत नाही.

पत्ता देण्याचा धीर होत नाही पण हातात कागद हवा, अशांना तुम्ही पोस्टक्रॉसिंगकडे वळवलंत. पोर्तुगालमधल्या पाउलो मगल्याइंश यांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. तुम्ही एका अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवायचं, ते पोहोचून नोंदलं गेलं की भलत्याच देशातून तुम्हाला एक येतं. नवख्याला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात. कार्डावरचा ओळखक्रमांक टपालाच्या शिक्क्याखाली बुजला तर कार्ड नोंदवणं अवघड होतं, म्हणून तो दोनदा लिहायचा, तिकिटापासून दूर, न पसरणाऱ्या शाईने.

शेवटचे आभार पत्रं थांबण्याबद्दलच्या तुमच्या सल्ल्याचे. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक आठवण, प्रश्नाशिवाय आणि तक्रारीशिवाय. त्यानंतर काही नाही. आपल्यालाच थांबायचं असेल तर दोन ओळी लिहून थांबायचं. या सल्ल्यामुळे कितीतरी लोक वर्षाने पुन्हा लिहू शकले, कारण मागे कडवट काही राहिलं नव्हतं.

ताई, तुमच्या पाच प्रश्नांची यादी आता आम्ही नव्या लोकांना पाठवतो. तिच्यात एक भर घातली आहे: ‘तुमच्याकडे वीज किंवा इंटरनेट दिवसातून केव्हा नसतं?’ उत्तर न येण्याची बरीच कारणं त्यातच सापडतात. ही भर तुम्हाला पसंत नसेल तर कळवा, काढून टाकू. आणि काठीच्या सावलीची नोंद २३ सप्टेंबरला तुमच्याकडूनही यावी, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
तुम्ही जोडून दिलेले पत्रमित्र