भोपळ्याआधी सलगम होता

ऑक्टोबर सरत आला की आपल्याकडच्या मॉलमध्येही हॅलोविनचे कोरलेले भोपळे आणि भुतांचे मुखवटे दिसतात. त्यामागचा आयर्लंडचा ‘साऊन’ सण मात्र कुणी सांगत नाही, याचे वाईट वाटते. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला तो सुरू होई. सुगी आटोपलेली, गुरे उन्हाळी कुरणांतून परतलेली, पुढे काळोखे महिने. त्या रात्री घरातली गेलेली माणसे येतात, म्हणून चुलीत विस्तव आणि त्यांच्यासाठी घास राखून ठेवत. कंदील सलगम हा कंद कोरून करत. डोनेगल परगण्यातल्या अशाच एका सलगमाची दात विचकलेली प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरांतल्या मुलांना हे चटकन उमगेल. मुखवटे घालायला लावणाऱ्या शाळांनी तेवढे जरूर सांगावे.

– एक वाचक, ठाणे