हात थरथरतो त्याबद्दल

सांगली

प्रिय विन्या,

'पार्किन्सन तर नाही ना रे?' असं तू फोनवर विचारलंस आणि मी पावसावर बोलायला लागलो. तोंडी सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून पत्र. हाताने लिहून पाहिलं, पण मलाच वाचता येईना. शेवटी मोबाइलवर बोलून टाईप करतोय. शुद्धलेखनाच्या चुका मोबाइलच्या, शिव्या माझ्या.

तर पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे, म्हणजे हात थरथरण्याचा वेगळा आजार. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना हलतो. माझा मांडीवर गप्प असतो आणि पेला उचलला की सुरू होतो. त्यांचं अक्षर बारीक होत जातं, माझं मोठं आणि वेडंवाकडं. न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर वेटोळं काढायला लावलं, तर जिलबी बरी म्हणावी असं काहीतरी निघालं. थायरॉईड तपासला, तो नॉर्मल. बिघाड लहान मेंदू आणि थॅलॅमस (मेंदूच्या आतला एक भाग) यांच्या जोडणीत आहे म्हणे, आणि बऱ्याच जणांना हे घराण्यातून येतं. आमच्या अण्णांचा हात आठवतो? आपण त्याला म्हातारपण म्हणायचो. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, रक्तदाबासाठीही देतात ती गोळी. थरथर थोडी कमी होते, जात नाही. दमा असता तर तीही मिळाली नसती. पुढची पायरी म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवणं किंवा कवटी न उघडता अल्ट्रासाउंडचा झोत सोडणं. या दुसऱ्या उपचाराला अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली. माझं दुखणं अजून तिथवर गेलेलं नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. पुतण्याच्या वास्तुशांतीला आचमनाला बसलो. पळी पंचपात्रातून वर येईपर्यंत अर्धी झाली आणि तळहाताशी पोचेपर्यंत पाणी पाटावर. मागून कुणीतरी कुजबुजलं, 'सकाळीच लावून आलेत वाटतं.' ते ऐकलं आणि हात आणखी उडायला लागला, कारण घाबरलं की हे वाढतंच. गंमत बघ, लोक ज्या हाताला दारुडा म्हणतात तो एक पेग पोटात गेला तरच शहाण्यासारखा वागतो! डॉक्टरांनीच विचारलं होतं, घेतल्यावर थांबतो का म्हणून. पण उतरली की दुप्पट व्याज लावतो, तेव्हा तो रस्ता बंद.

त्यानंतर मी पंगतीला जाणं टाळायला लागलो. गेलोच तर आमटी नको म्हणायचं, कोरडं तेवढं घ्यायचं, भिंतीकडेची जागा धरायची. बँकेत सही जुळत नाही म्हणून मुलाला सोबत न्यायचं. चारचौघांत असताना हात खिशात. घरी आलो की अंग असं आंबून जायचं, जणू दिवसभर पोती उचलली. थरथरीने माणूस इतका दमत नाही रे, ती लपवताना दमतो. मग झोप उडते, आणि झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी थरथर जास्त. हे मी डॉक्टरांना फार उशिरा सांगितलं. त्यांनी विचारलं गोळीबद्दल, मी बोललो गोळीबद्दल.

आता हिने फर्मान काढलंय की कोजागिरीला तुझ्याकडे जायचंच. येतो. पण काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. दूध जड स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरून. सांडलं तर सांडू दे, कुणी धावत येऊन माझा हात धरायचा नाही. पोरांनी विचारलं तर त्यांना सरळ सांग, काकांचा हात हलतो, दुखत नाही. आणि वहिनींचं ते खाजकुइलीचं चूर्ण नको. त्यात लेव्होडोपा असतो, तो पार्किन्सनवाल्यांच्या कामाचा, माझ्या नाही.

पत्ते पिसायचं काम तुझ्याकडे. माझ्या हातातली पानं हलायला लागली तर हुकूम आलाय असं समजून घाबरू नकोस. कधीकधी आलेलाही असेल म्हणा.

तुझा,
बाळ्या