गतिरोधकासाठी गाडी उंच करण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

पावसाळा सरत आला की गॅरेजांत एक मागणी हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘गाडी खाली लागते, थोडी उचलून द्या.’ पूर्वी ही हौस जीपवाल्यांची होती. आता आमच्यासारखी सात माणसांची घरगुती गाडी वापरणारेही पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या माथ्यावर आणि मागच्या स्प्रिंगच्या बैठकीत स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, बसवून घेतात. गेल्या वर्षी मीही तेच केले आणि चार महिन्यांनी ते सगळे काढून टाकले. त्या चार महिन्यांत जे कळले ते इतर वाचकांच्या उपयोगी पडावे आणि ज्यांच्या हाती रस्त्यांचे काम आहे त्यांच्याही कानी जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची गाडी अकरा वर्षांची आहे. चतुर्थीला गोव्यातल्या डिचोलीहून सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जाताना आम्ही सात जण, मागे माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीचे, सामान, नारळांचे पोते आणि पाच दिवसांचे कपडे, एवढा भार तिच्यात असतो. गेल्या चतुर्थीला वाटेतल्या एका गतिरोधकावरून पुढची चाके उतरली आणि गाडीच्या पोटाखाली असा आवाज झाला, की मांडीवर फळांची टोपली घेऊन बसलेली सून दचकून ओरडली. सायलेन्सरचा जोड निखळला होता. चतुर्थी आटोपताच मी गाडी गॅरेजमध्ये नेली.

दीड इंचाचा, म्हणजे साधारण चार सेंटिमीटरचा, संच बसवायला अर्धा दिवस लागला. मी तिथेच उभा राहून पाहत होतो. चाके काढली, स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याची, लिंक सोडली, ब्रेकच्या नळीची क्लिप काढली, खालचे दोन मोठे बोल्ट आणि बॉनेटखालचे तीन नट सोडवून अख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअब्सॉर्बर, बाहेर घेतला आणि माथ्यावर चकती घालून पुन्हा जागेवर बसवला. मागे ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, खाली सोडून स्प्रिंगच्या बैठकीत चकती सारली. काम नीटनेटके दिसत होते. परत येताना आमच्या वाड्यावरचा गतिरोधक गाडीने न घासता ओलांडला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

पहिली अडचण आईची झाली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. आधीच पायरीवर पाय ठेवताना ती दाराची कड घट्ट धरायची. चार सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला ते पुरेसे जड जातात. शेवटी देवघरातला एक पाट आम्ही गाडीत ठेवला आणि प्रत्येक ठिकाणी तो खाली मांडून तिला चढवू-उतरवू लागलो. रात्री समोरून येणारे वाहनचालक मला सारखे डीपर देत. गाडीचे नाक वर झाल्यामुळे हेडलाइटचा झोत त्यांच्या डोळ्यांवर जात होता आणि तो खाली घ्यायला हवा हे गॅरेजमध्ये कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या महिन्यात पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड खाल्ली गेलेली दिसली. गाडी उचलली की चाकांचा कोन बदलतो आणि काम संपताच अलाइनमेंट, म्हणजे ते कोन पुन्हा जुळवणे, करून घेणे भाग असते, ही साधी गोष्टही मला उशिरा कळली.

या सगळ्यापेक्षा चोर्ला घाटाचा अनुभव मला अस्वस्थ करून गेला. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बेळगावला जाताना, नेहमीच्या वेगाने घेतलेल्या एका वळणावर गाडी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे बाहेरच्या बाजूला कलली. त्याचे गणित सोपे आहे. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीडशे सेंटिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर धरला, तर अंतराच्या निम्म्याला उंचीने भागून १.०७ येते. गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर वर गेला की तोच आकडा १.०१ होतो. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. त्यातच टपावर कॅरियर आणि कॅरियरवर सामान असेल, तर तो आणखी खाली येतो. जीपसारख्या गाडीची रचना करतानाच हा हिशेब झालेला असतो. कुटुंबाच्या गाडीत तो आपण गॅरेजच्या अंगणात परस्पर मोडतो.

बेळगावहून परतल्यावर मी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे दाखवली. त्याने जॅक लावून पुढचे डावे चाक अधांतरी केले आणि मला वाकून आत बघायला सांगितले. ब्रेकची रबरी नळी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी सैल लोंबायला हवी होती. ती दोरीसारखीच ताणलेली होती आणि लोखंडी पट्टीला जिथे टेकत होती तिथे रबर झिजून नखाएवढा चकचकीत डाग पडला होता. तो डाग बोटाने चाचपताना आमच्या गाडीत कोण कोण बसते ते एकेक डोळ्यांपुढे आले. चकतीमुळे चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली लोंबते आणि मोठ्या खड्ड्यात जेव्हा ते तसे लोंबते तेव्हा ती नळी, एबीएसची (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) तार आणि चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा या तिघांवर ताण येतो, हे त्याने तिथेच दाखवले. काही जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब गाडीवरच्या भारानुसार कमी-जास्त करणारा झडप असतो, आणि तो भार ओळखतो मागची बाजू किती खाली दबली आहे त्यावरून. अशी गाडी उचलली की झडपाच्या लेखी ती कायम रिकामीच आणि सात माणसे बसलेली असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात.

त्यानंतर त्याने जे केले ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. चकत्या काढून त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी टेपने मोजली आणि शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या तीन वर्षांच्या गाडीशी ताडून पाहिली. आमची गाडी मागून तीन सेंटिमीटर आणि पुढून दीड सेंटिमीटर बसलेली निघाली. अकरा वर्षांत स्प्रिंग थकल्या होत्या. म्हणजे जी उंची मी विकत घेत होतो, तिचा मोठा भाग गाडीचाच होता. कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर बसवले, बुशचे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी गादीचे, बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून मगच आवळले, अलाइनमेंट केली. खर्च चकत्यांच्या दुपटीहून अधिक आला, पण आईचा पाट पुन्हा देवघरात गेला. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी आधी टेप हातात घ्यावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. स्प्रिंगच्या वेढ्यांत कोंबायचे स्वस्त रबरी बफरही हा प्रश्न सोडवत नाहीत. ते काही वेढ्यांचे काम बंद पाडतात आणि सगळा भार उरलेल्यांवर टाकतात.

कायद्याची बाजूही गॅरेजमध्ये कोणी काढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो, हे वेगळेच.

पण सगळा दोष गाडीवाल्यांवर टाकून हा विषय मिटत नाही. आमच्या वाड्यावरचा गतिरोधक मी मोजला. उंची सतरा सेंटिमीटर, रुंदी एक मीटरहूनही कमी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या संहितेतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या माथ्याची त्रिज्या १७ मीटर असते आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी आखलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, तर दोन्ही ॲक्सल त्याच्यावरच असतात आणि गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीहून जेमतेम साडेपाच सेंटिमीटर वर येतो. आमच्या वाड्यावरच्या अरुंद उंचवट्यावर पुढची चाके उतरून गेलेली आणि मागची पोचायची असतात, त्यामुळे सगळे सतरा सेंटिमीटर पोटाखाली येतात. रिकामी असताना अठरा सेंटिमीटर मोकळी राहणारी गाडी सात माणसे बसल्यावर तिथे टेकणारच. तिथून जाणाऱ्या रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे काय होत असेल, हाही विचार करण्यासारखा आहे.

म्हणून संबंधितांकडे दोन मागण्या आहेत. गावोगावचे गतिरोधक मोजून जे संहितेत बसत नाहीत ते उखडून योग्य मापाने पुन्हा घालावेत, रंगवावेत आणि अलीकडे फलक लावावा. तसेच खासगी गाड्यांना स्पेसर बसवणे चालते की नाही आणि चालत असल्यास किती उंचीपर्यंत व कोणत्या तपासणीनंतर, हे मराठी आणि कोकणीत स्पष्ट शब्दांत जाहीर करावे, म्हणजे गॅरेजवाल्यालाही गिऱ्हाइकाला ठाम उत्तर देता येईल. गतिरोधकांचे काम तरी येत्या चतुर्थीपूर्वी, भरलेल्या गाड्या मूळ घरांकडे निघण्याआधी, व्हावे.

आपला नम्र,
एक वाचक, डिचोली